झोप लागत नसेल तर अश्वगंधा अशी घ्या

रात्री 2-2 वाजेपर्यंत डोळा लागत नाही, उगाच छातीत धडधडतं, असं होत असेल तर अश्वगंधा घेऊन बघा पण नीट घ्या. इंदूरला असाल तर मध्य प्रदेशातच नीमच-मंदसौरला अश्वगंधाची शेती होते, त्यामुळे तयार पावडरीपेक्षा अख्खी सुकी मुळंच आणा, तोडून वास घ्या, घोड्यासारखा उग्र यायला हवा, नाव त्यावरूनच पडलंय. मिक्सरला बारीक करून चाळा, साधारण 3 ग्रॅम पावडर कपभर दुधात मंद आचेवर 5 मिनिटं उकळा आणि झोपायच्या आधी कोमट प्या. एका रात्रीत काही होत नाही हो, काही आठवडे द्या. प्रेग्नन्सीत अजिबात नको, आणि थायरॉइड, लिव्हरचा त्रास किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, प्लीज.