रेकॉर्डरची लेन्स साफ करताना: नव्याने काम शिकणाऱ्यांसाठी

डीव्हीडी रेकॉर्डर टेबलावर आला की बरेच जण न उघडताच ‘लेन्स गेली’ असं सांगून मोकळे होतात. परभणीत दुरुस्तीचं काम करताना माझा अनुभव वेगळा आहे. आपल्या मराठवाड्यात उन्हाळ्यात वावटळी सुटतात, काळ्या रानाची बारीक माती घरभर होते आणि रेकॉर्डरच्या मागच्या पंख्यातून ती आत ओढली जाते. यंत्र देवघराजवळ असेल तर उदबत्तीचा धूर त्या धुळीला लेन्सवर चिकटवतो. मग नुसता ब्लोअर मारून ती निघत नाही.

गिऱ्हाईक म्हणतं, ‘जुनी डिस्क चालते, पण रेकॉर्डिंग अर्ध्यात बंद पडतं.’ हे लक्षण नीट ऐका. वाचायला लेसरची ताकद कमी लागते, लिहायला कितीतरी पट जास्त. डीव्हीडीच्या दोन रेघांमधलं अंतर अवघं 0.74 मायक्रॉन, सीडीचं 1.6. त्यामुळे लेन्स धुरकटली की आधी लिहिणं बिघडतं. अर्थात डिस्कवर ओरखडे नाहीत ना, हे आधी बघायचंच.

उघडण्याआधी प्लग काढा आणि थांबा. पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर डीसी साठलेला असू शकतो. त्या बाजूला बोट नेऊ नका. झाकण काढलेलं असताना यंत्र चालू करून लेन्समध्ये डोकावणं तर नाहीच नाही. सीडीचा 780 नॅनोमीटरचा किरण डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, पण इजा करतो.

आता लेन्स. टॉर्च तिरपी धरून पाहा. स्वच्छ लेन्सवर निळसर-जांभळी झाक दिसते, मळलेली दुधाळ दिसते. ती केसासारख्या बारीक तारांवर तरंगत असते, म्हणून हात हलका हवा. इअरबड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवा, मोबाईल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे ते ‘आयपीए’ म्हणून मिळतं. मग बड कागदावर टेकवून जादा ओल टिपून घ्या; थेंब ओघळला तर आतल्या भागांवर डाग पडतो. मधून कडेकडे गोल फिरवा, बडचं स्वतःचं वजन पुरतं. लेन्स किंचित दबते आणि वर येते. वर आल्यावर ती सपाट आहे की एका बाजूला कलली, हे वाकून बघा. मग कोरडा बड एकदाच. लेन्स बहुधा प्लास्टिकची असते, तेव्हा थिनर किंवा अ‍ॅसिटोन अजिबात नको. शेजारचा बारीक प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा रेझिस्टर) फिरवून लेसरची ताकद वाढवायचा मोहही टाळा. त्याने लेसर देणारा डायोड लवकर मरतो.

ब्रशवाल्या क्लीनिंग डिस्कवर माझा भरवसा नाही. सुकी धूळ ती झटकते, चिकट थर तसाच राहतो.

जोडल्यावर आधी कंपनीची छापील डिस्क लावा, मग घरी भरलेली, आणि शेवटी रीरायटेबलवर (पुसून पुन्हा भरता येणाऱ्या डिस्कवर) पाच मिनिटं रेकॉर्ड करा. लिहिणं अजूनही अडत असेल, तर पिकअप (लेसर आणि लेन्सचा अख्खा भाग) बदलायचा विषय काढायला हरकत नाही.

चाललं, तर यंत्र परत देण्याआधी एक गोष्ट विचारा: घरात फायनलाइज न केलेल्या, म्हणजे दुसऱ्या प्लेअरवर चालाव्यात म्हणून रेकॉर्डिंगनंतर बंद न केलेल्या, डिस्क आहेत का? लग्नाच्या, बारशाच्या अशा डिस्क दुसऱ्या प्लेअरवर बहुधा लागत नाहीत. आधी त्या मागवून घ्या आणि त्याच रेकॉर्डरवर फायनलाइज करून द्या.