ड्रायव्हर ठेवण्याआधी एक फेरी त्याच्या शेजारी बसा

कळंबोलीच्या स्टील मार्केटजवळ चहाच्या टपरीवर शब्द टाकला की संध्याकाळपर्यंत चार ड्रायव्हर येतात. त्यातला ठेवायचा कोणता, हा खरा प्रश्न. सगळेच म्हणतात, ‘शेठ, पंधरा वर्षं गाडी मारतोय.’

आधी लायसन्स. झेरॉक्सवर भागवू नका. परिवहनच्या सारथी साइटवर लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकली की मुदत आणि कोणत्या गाडीची परवानगी आहे ते दिसतं. ट्रान्सपोर्टची मुदत 5 वर्षांचीच असते, ती बऱ्याचदा उलटून गेलेली सापडते. केमिकलचा माल असेल तर धोकादायक मालाची नोंद वेगळी लागते.

मग पुण्याची एक फेरी द्या आणि स्वतः केबिनमध्ये बसा. निघण्यापूर्वी तो खाली उतरून टायरवर पाना मारून बघतो का, ताडपत्रीची दोरी ओढून बघतो का? परतीला माल भरलेला असेल तर बोरघाट उतरताना लक्ष ठेवा. खालच्या गियरमध्ये, इंजिनाच्या जोरावर गाडी धरून उतरणारा माणूस ठेवावा. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणाऱ्याला कळंबोलीला त्या फेरीचे पैसे देऊन नमस्कार करा, मग तो कितीही गोड बोलो.

जुन्या मालकाला फोन कराच. विचारायचं एवढंच: ‘परत आला तर ठेवाल का?’ उत्तराआधीचा थांबाच पुष्कळ सांगतो.

आणि पहिल्याच दिवशी मोठी उचल देऊ नका. मी एकदा वीस हजार दिले. तिसऱ्या दिवशी गाडी तुर्भ्याला उभी, चावी पानवाल्याकडे आणि फोन बंद.