वर्षानुवर्षं बंद पडलेलं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन सुरू करण्याआधी

वीजजोडणी मिळाली किंवा सौर पंप बसला की विहिरीवरचं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन गोठ्याच्या कोपऱ्यात जातं आणि त्यावर पोती चढतात. पाच-सात वर्षांनी ऐन उन्हाळ्यात रोहित्र जळतं, ऊस पाण्याला आलेला असतो, आणि मग सगळ्यांना इंजिन आठवतं. टाकीत डिझेल ओतायचं, दोघांनी मिळून हँडल मारायचं आणि लिव्हर सोडायचा, एवढंच डोक्यात असतं. तेच करू नका. उभ्या इंजिनाचं जे बिघडतं ते बहुतेक दुरुस्त होण्यासारखं असतं. रॉड वाकणं, रिंगा तुटणं, पुश रॉड दुमडणं हे नुकसान घाईने मारलेल्या पहिल्या हँडलने होतं. पुरेसा वेळ हाताशी ठेवा आणि खालच्या क्रमानेच जा.

चाकाला हात लावण्याआधी

सायलेन्सर उभा असेल आणि त्यावर टोपी नसेल तर पावसाचं पाणी सरळ आत येतं. इंजिन थांबताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल तर ते सिलिंडरमध्ये उतरतं. घात व्हायला किती पाणी लागतं ते बघा. किर्लोस्कर एव्ही-१ या सर्वत्र दिसणाऱ्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८० मि.मी., स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ११० मि.मी. आणि कॉम्प्रेशन रेशो (हवा किती पट दाबली जाते तो आकडा) १६.५ आहे. म्हणजे पिस्टन ५५३ घन सेंटिमीटर हवा ढकलतो, आणि तो पार वर गेल्यावर हेडखाली जागा उरते जेमतेम ३६ घन सेंटिमीटर. अडीच मोठे चमचे पाणी तेवढी जागा भरून टाकतं, आणि पाणी दाबून लहान होत नाही. हँडल हलकं फिरावं म्हणून असलेला डिकॉम्प्रेशन लिव्हर वर असताना व्हॉल्व्ह किंचित उघडा असल्यामुळे हाताला काही जाणवेलच असं नाही. चाकाने वेग घेतला, लिव्हर खाली टाकला, की ते जड फ्लायव्हील पिस्टनला पाण्यावर आदळतं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

म्हणून पहिलं काम नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग, काढण्याचं. आधी आजूबाजूची माती ब्रशने आणि डिझेलने साफ करा, नाहीतर ती भोकातून आत पडते. हाय प्रेशर पाइप सोडवून दोन्ही तोंडांना स्वच्छ प्लास्टिक बांधा. नोझलचे दोन्ही नट थोडे थोडे, आळीपाळीने सोडा. नोझल अडकलं असेल तर कडेने डिझेल सोडून रात्रभर ठेवा आणि सकाळी डावीउजवीकडे हलवत काढा. खालचा तांब्याचा वॉशर भोकातच चिकटून राहतो, तो आठवणीने काढा. परत बसवताना नवाच घाला. आता टॉर्चने आत बघा. पाणी असेल तर गुरांना टोचायच्या मोठ्या सिरिंजला बारीक नळी लावून ओढून घ्या.

एअर क्लीनर उघडा. त्यात उंदरांनी कापूस आणि चिंध्या भरलेल्या असतात. सायलेन्सरमध्ये कुंभारीण माशीची मातीची घरटी सापडतात. दोन्ही मोकळे करा आणि एअर क्लीनरमधलं ऑइल बदला.

जाम आहे की नुसतं जड आहे

नोझलच्या भोकातून निम्मं इंजिन ऑइल आणि निम्मं डिझेल असं १० ते १५ मि.ली. मिश्रण सोडा. चोवीस तासांनी चाक हाताने हळूहळू मागेपुढे करून बघा. तसूभरही हललं नाही तर पिस्टनच्या रिंगा लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) गंजाने धरल्या आहेत. मिश्रण पुन्हा टाका, आठवडाभर वाट बघा, रोज सकाळ-संध्याकाळ चाक हलवून बघा. केसाएवढं हललं की समजा सुटतंय. चाकावर घण घालू नका आणि पट्टा लावून ट्रॅक्टरने ओढू नका, त्याने रिंगा तुटून लायनर खरवडतो. आठवड्यानेही दाद दिली नाही तर हेड उतरवण्याला पर्याय नाही.

चाक फिरतं पण दर वेळी एकाच जागी ठक्कन अडतं, ही गोष्ट वेगळी. तिथे बहुधा व्हॉल्व्ह गाइडमध्ये चिकटलेला असतो. रॉकर कव्हर काढा आणि चाक फिरवत बघा. दोन्ही रॉकर खाली जाऊन स्प्रिंगच्या जोरावर चटकन वर यायला हवेत. एखादा खालीच राहिला तर व्हॉल्व्हच्या दांडीवर डिझेल आणि ऑइल सोडून, लाकडी ठोकळ्याने हलकेच टिचकी मारत मोकळा करा. हे करताना पिस्टन खाली असू द्या. व्हॉल्व्ह सुटले की टॅपेट क्लिअरन्स (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) फिलर गेजने थंड इंजिनावर तपासा. आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेतलाच धरा.

चाक मोकळं झालं की नोझलच्या भोकावर फडकं ठेवून वीस-पंचवीस फेरे द्या, म्हणजे टाकलेलं मिश्रण बाहेर उडून जाईल. ते आत ठेवून नोझल बसवलं तर वर सांगितलेला घात आपणच केल्यासारखं होईल.

डिझेल, ऑइल, पाणी

टाकीतलं जुनं डिझेल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवा. खाली पाणी बसतं, वर डिझेल, आणि मधल्या सांध्यावर काळपट शेवाळासारखा थर दिसतो. ते पाण्यात राहून डिझेलवर वाढणारे जिवाणू आणि बुरशी. हाच थर फिल्टर चोंदवतो. जुनं डिझेल नव्यात मिसळून काटकसर करू नका, पार्ट धुवायला वापरा. टाकी उतरवून आत मूठभर बारीक खडी आणि डिझेल घालून खळखळवा, गंजाचे पापुद्रे निघतात. दोनदा धुवा आणि नंतर आत एकही खडा राहिलेला नाही ना, ते बघा. टाकीच्या झाकणावरचं बारीक भोक तारेने मोकळं करा. फिल्टर नवा, आणि रबरी पाइपला बोटाने दुमडून बघताना चिरा दिसल्या तर तोही नवा.

ऑइल पूर्ण काढा. दुधाळ असेल तर पाणी गेलंय. पातळ होऊन डिझेलचा वास येत असेल, किंवा डिपस्टिकवर पातळी खुणेच्या वर असेल, तर डिझेल पंपातला दाब देणारा एलिमेंट झिजून डिझेल खाली उतरतंय, पंप दुकानात दाखवा. नवं ऑइल पुस्तिकेतल्या ग्रेडचं आणि वरच्या खुणेपर्यंतच भरा.

वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत, विहिरीचा गाळ आणि क्षार साचतात. एका तोंडाला होज लावा, दुसऱ्या तोंडातून तितक्याच जोराने पाणी यायला हवं. धार बारीक असेल तर पाइप काढून तारेने गाळ सोडवा. ज्या पंपसेटवर डिलिव्हरीच्या फाट्यातून इंजिनाला पाणी जातं, तिथे पंपाने पाणी उचललं नाही की जॅकेट कोरडं पडतं. पहिल्या चाचणीसाठी २०० लिटरचा ड्रम इंजिनापेक्षा उंच ठेवून वेगळी नळी द्या.

रॅक: इथे हयगय नको

डिझेल पंपाचा रॅक, म्हणजे इंजिनाला किती डिझेल जायचं ते ठरवणारी दांडी, बोटाने ढकलून बघा. तो लोण्यातून सरकावा तसा मागेपुढे झाला पाहिजे. वाळलेल्या जुन्या डिझेलची राळ होऊन तो जागच्या जागी धरतो. पूर्ण डिझेलच्या बाजूला धरला असेल तर इंजिन सुरू होताच सुसाट सुटतं, वेग आवरणाऱ्या गव्हर्नरला जुमानत नाही आणि बंद करायचा लिव्हर ओढूनही थांबत नाही. १५०० फेऱ्यांचं चाक दुप्पट वेगाने फिरलं तर ते फुटून माणसं मरू शकतात. रॅक अडखळत असेल तर पंप उतरवून दुकानात धुऊन आणा.

त्याउपर सुरू करताना एअर क्लीनर काढून ठेवा आणि हवेच्या तोंडावर बसेल अशी सपाट फळी शेजारी असू द्या. इंजिन सुटलं तर फळी दाबून हवा बंद करायची. हाताने किंवा फडक्याने ते तोंड झाकू नका. नुसता टाकीचा कॉक बंद करून भागत नाही, फिल्टरमध्ये उरलेल्या डिझेलवर ते बराच वेळ पळतं.

एअर काढणं

डिझेलच्या मार्गात अडकलेली हवा, म्हणजे एअर, आधी काढायची. कॉक उघडा. फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल जाऊ द्या, मग आवळा. तसंच पंपाच्या स्क्रूला करा. नोझल बसवा, पण पाइपचा नोझलकडचा नट दोन आटे ढिला ठेवा. रॅक डिझेलच्या बाजूला ठेवून, लिव्हर वर करून हँडल फिरवा. नटातून डिझेल उडी मारत आलं की आवळा. आता प्रत्येक दोन फेऱ्यांना नोझलमधून करकर असा कोरडा आवाज आला पाहिजे. त्या एका आवाजावर जुना मिस्त्री नोझल ओळखतो. नुसतं फुस्स झालं तर नोझल ठिबकतंय. आवाजच नाही तर एअर राहिली आहे किंवा डिलिव्हरी व्हॉल्व्ह अडकलाय.

नोझलची धार बाहेर काढून हातावर बघायची नाही. सुमारे २०० बार दाबाची ती फवारणी कातडी भेदून आत जाते. वर फक्त टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही, आणि काही तासांत हात सडायला लागतो. असं झालंच तर ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जा आणि 'दाबाने डिझेल आत गेलंय' असं स्पष्ट सांगा.

कॉम्प्रेशन कानाने तपासा

डिझेल बंद ठेवून, लिव्हर वर करून चाळीस-पन्नास फेरे द्या, बेअरिंगांना ऑइल पोचेल. मग लिव्हर खाली टाकून हँडल सावकाश दाबावर आणा. निरोगी इंजिन हँडल मागे फेकतं. दाब सळसळत निघून जात असेल तर कान लावा. हवेच्या तोंडातून आवाज आला तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून किंवा ब्रीदरमधून आला तर रिंगा. व्हॉल्व्हचं काम लॅपिंगने, म्हणजे तो जागेवर घासून बसवल्याने, होतं. रिंगा मात्र तासभर इंजिन चालल्यावर पुष्कळदा आपोआप बसतात, त्यामुळे लगेच खर्चात पडू नका.

हँडल

अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, उलट झटका बसला तर मनगट वाचतं. उपरणं, गमछा, ओढणी बाजूला. विदर्भातल्या जानेवारीसारख्या थंडीत सकाळी जॅकेटमध्ये गरम पाणी भरून दहा मिनिटं थांबा, त्याने इंजिन लवकर पेटतं. पाणी उकळतं नको. पेट्रोलचा बोळा हवेच्या तोंडाशी धरणं बंद करा, तो आत वेळेआधी भडकतो आणि रिंगा फोडतो.

विहिरीत किंवा बंद खोलीत इंजिन चालवू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही. विहिरीत तो साचतो, आणि आत उतरलेल्या एकाला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो.

सुरू झाल्यावर धूर वाचा. पहिली दहा-पंधरा मिनिटं निळसर धूर चालतो, आपणच टाकलेलं ऑइल जळतंय. तो पुढेही राहिला तर रिंगा. पांढरा आणि डोळे झोंबणारा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल: कमी कॉम्प्रेशन, ठिबकतं नोझल किंवा टायमिंग. पांढरा पण बिनवासाचा, ओलसर आणि थांबतच नसेल तर हेड गॅस्केटमधून पाणी येतंय. काळा धूर हवा कमी किंवा लोड जास्त. दोन मिनिटं चालून बंद पडलं तर टाकीचं झाकण उघडून परत सुरू करा. आता चाललं तर दोष भोकाचा, नाहीतर फिल्टर आणि कॉकमधला गंज. वेग वरखाली होत राहिला तर एअर किंवा रॅक.

दहा मिनिटं बिनलोड, मग अर्धा तास अर्ध्या लोडवर, मग पुढे. बाहेर पडणारं पाणी हाताला चांगलं कोमट लागलं पाहिजे. पाणी चुकून थांबलं आणि इंजिन तापलं तर बंद करून आपोआप निवू द्या, गार पाणी ओतलंत तर हेड तडकतं. जॅकेटमधून विहिरीचं गार पाणी पूर्ण जोराने सोडत राहणंही बरं नाही. इंजिन तापतच नाही, पांढरा धूर हटत नाही आणि लायनर झिजतो. कॉकने धार कमी करा.

आठ-दहा तास चालल्यावर ऑइल पुन्हा बदला, कारण आतला गंज त्यातच उतरलेला असतो. त्या पहिल्या आठवड्यात रोज सकाळी गार इंजिनावर डिपस्टिक काढून बघा. पातळी वाढलेली दिसली तर त्या दिवशी हँडल लावू नका. आधी वास घ्या, डिझेलचा असेल तर पंप, ऑइल दुधाळ असेल तर गॅस्केट.