वृद्धाश्रम बघायला दिवसा जा, निर्णय रात्र बघून घ्या

नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या वृद्धाश्रमाची बाग छान आहे, इंदिरानगरला लिफ्ट मोठी आहे, मखमलाबादकडे हवा चांगली आहे, मग यातली कोणती घेऊ, असं लोक मला विचारतात. नर्सिंगमधून निवृत्त झाल्यापासून ओळखीपाळखीतले बरेच जण आई-वडिलांसाठी जागा बघायला जाताना मला सोबत नेतात. बाग, लिफ्ट आणि हवा यांवरून राहण्याची सोय कळते, सांभाळ कळत नाही. सांभाळ कसा आहे ते रात्री आठ ते सकाळी सहा या वेळात कळतं. तेव्हा ऑफिस बंद असतं, मॅनेजर घरी गेलेले असतात आणि म्हातारं माणूस लघवीला उठायचं म्हणून हाक मारत असतं. ही तयारी मी त्या वेळेचा विचार करून लिहिली आहे.

सुरुवात घरातूनच करायची. एक कागद घ्या आणि आईचा पूर्ण दिवस, उठल्यापासून पुन्हा उठेपर्यंत, लिहून काढा. रात्री किती वेळा उठते, स्वतः उठते की हात द्यावा लागतो, आंघोळ सकाळी लागते की दुपारी, कोणत्या कानाने ऐकू येतं, कवळी कधी काढते, कोणती गोळी जेवणाआधी आणि कोणती नंतर, एकादशी धरते का, कशाने घाबरते. हे लिहिताना आई समोर हवी. तिच्या पाठीमागे जागा ठरवून ‘चार दिवस राहून तर बघ’ म्हणत नेऊन सोडणं मला कधीच पटलेलं नाही. तिला काय सोडवत नाही ते तिच्याच तोंडून ऐका. कुणाला देव्हारा हवा असतो, कुणाला सकाळचा पेपर, कुणाला फक्त स्वतःच्या कपाटाची किल्ली. पुढे प्रत्येक ठिकाणी हाच कागद समोर ठेवून विचारायचं आहे. ‘तुमच्याकडे काय काय सोयी आहेत?’ या प्रश्नाला सगळीकडे एकच छापील उत्तर मिळतं. ‘माझी आई रात्री तीनदा उठते, तिला बाथरूमपर्यंत कोण नेईल?’ असं विचारलं की समोरच्याला विचार करावा लागतो.

कागदपत्रं या निमित्ताने एकत्र करून घ्या. वय सत्तरच्या पुढे असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण त्यातून मिळतं. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना आणि तो फोन कुणाकडे असतो, हेही बघा. पेन्शन असेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला मदत कोण करणार, ते विचारून ठेवा.

मग नकाशा. तुमच्या घरापासूनचं अंतर महत्त्वाचं आहेच, कारण ज्यांच्याकडे घरचं माणूस वरचेवर येतं त्यांच्याकडे कर्मचारीही जास्त लक्ष देतात, हे मी आयुष्यभर बघितलं आहे. पण हॉस्पिटलपर्यंतचं अंतर त्याहून महत्त्वाचं. पक्षाघाताचा झटका आला तर रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. तेव्हा सीटी स्कॅन आणि आयसीयू असलेलं सगळ्यात जवळचं हॉस्पिटल कोणतं, रात्री दोन वाजता तिथे पोचायला किती वेळ लागतो, १०८ ची गाडी येईपर्यंत थांबतात की स्वतःचं वाहन आहे, हे विचारा. नाशिककरांना दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. ऑगस्ट २०१६ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपर्यंत पाणी चढलं की नदीकाठच्या रस्त्यांचं काय होतं ते ठाऊक आहे, म्हणून गोदावरीपल्याडच्या जागेला पावसाळ्यात दुसरा रस्ता आहे का ते बघा. आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थ कुंभमेळ्याच्या पर्वण्या, म्हणजे मोठ्या स्नानाचे दिवस आहेत. त्र्यंबक रोड, पंचवटी, तपोवन या बाजूची जागा असेल तर त्या दिवसांत डॉक्टर आणि ॲम्ब्युलन्स आत कशी येणार, कामावरच्या मावश्या कशा पोचणार, याचा विचार झालाय का, असं सरळ विचारा. ज्यांनी विचार केलाय ते लगेच सांगतील.

पहिली भेट वेळ ठरवूनच घ्या. त्या भेटीत कागद बघायचे आणि इमारत बघायची. संस्था ट्रस्टची असेल तर धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी बघा. ज्येष्ठांसाठी बांधलेल्या प्रकल्पात फ्लॅट विकत घेणार असाल तर महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक बघा. अशा प्रकल्पांसाठी महारेराने २०२४ मध्ये रुंद आणि उंबरा नसलेली दारं, व्हीलचेअर जाईल असे मार्ग, आधाराच्या दांड्या, न घसरणाऱ्या फरश्या असे किमान निकष ठरवले आहेत. मात्र बिल्डर इमारत बांधून देतो आणि सेवा भलतीच कंपनी देते, असं बरेचदा असतं. त्या कंपनीशी वेगळा करार असतो. तो मागून घ्या आणि घरी नेऊन वाचा. इमारतीत मी फारसा वेळ घालवत नाही. उतार एकास बारापेक्षा चढा नसावा, बाथरूमचं दार बाहेर उघडणारं असावं, म्हणजे आत कुणी पडलं तर दाराआड अडकणार नाही. आधाराची दांडी हाताने जोर लावून ओढून बघा. टॉवेल अडकवायच्या नळीलाच दांडी म्हणून दाखवलेलं मी पाहिलंय.

खरी भेट दुसरी. न सांगता जा, संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमारास, आणि जमल्यास आणखी एकदा पहाटे. ‘भेटीची वेळ संपली’ म्हणून दारातूनच परत पाठवलं तर वाद घालू नका, कारण झोपलेल्या लोकांचा खाजगीपणा जपणं बरोबरच आहे. पण ज्यांचं माणूस तिथे राहतं त्या नातेवाइकांनाही रात्री आत सोडत नाहीत का, ते विचारा. तसं असेल तर ती जागा मी माझ्या माणसासाठी घेणार नाही.

आत गेल्यावर पहिला प्रश्न रात्रपाळीच्या मावशींना विचारा, मॅनेजरना नको: ‘मावशी, तुमच्याकडे रात्री किती जण असतात?’ त्यांच्या उत्तरातून कळतं ते माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. पंचवीस-तीस जणांत निम्मे अंथरुणाला खिळलेले आणि रात्रीला एकच बाई, असं असेल तर ती कितीही प्रेमळ असली तरी सगळ्यांना वेळेवर पुरणार नाही. रात्री नर्स आहे की फक्त अटेंडंट, तेही विचारा. एएनएम किंवा जीएनएम हे नर्सिंगचे कोर्स झालेली सिस्टर आणि माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून आलेली मुलगी, दोघींच्या अंगावर गणवेश एकसारखाच असतो. अटेंडंट वाईट असते असं नाही, उलट खरी सेवा त्याच करतात, पण इन्सुलिन देणं आणि साखर उतरलेली ओळखणं हे शिकलेल्या हाताचं काम आहे.

इन्सुलिनचं जरा सविस्तर सांगते, कारण मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. आपल्याकडे कुपीत मिळणारं इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं आणि त्याला लाल टोपणाची सिरिंज लागते. पेनातलं इन्सुलिन १०० युनिटचं असतं आणि १०० च्या सिरिंजचं टोपण नारंगी असतं. पेन बिघडलं म्हणून त्यातलं इन्सुलिन कुणी लाल टोपणाच्या सिरिंजने ओढून दिलं तर डोस अडीचपट जातो. म्हातारं माणूस मग घामाघूम होतं, असंबद्ध बोलतं, आणि रात्रीची वेळ असली तर ‘झोपेत बडबडतायत’ म्हणून कुणी लक्ष देत नाही. म्हणून औषधांचं कपाट दाखवायला सांगा. प्रत्येकाचा डबा नावाने वेगळा आहे का, इन्सुलिन फ्रिजच्या दारात आहे की फ्रीजरला चिकटून, कुपीवर उघडल्याची तारीख लिहिली आहे का, साखर तपासायचं यंत्र आणि पट्ट्या रात्री हाताशी आहेत की ऑफिसात कुलपात? सिस्टरना विचारा, ‘लाल आणि नारंगी टोपणात फरक काय?’ उत्तर अडखळत आलं तरी चालेल, पण बरोबर यायला हवं.

त्यानंतर नोंदवही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला शय्याव्रण, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते आणि तशी नोंद ठेवायची असते. वही उघडून आत्ताचं पान काढा. तुम्ही रात्री आठला उभे आहात आणि दहा, बारा, दोनच्या रकान्यांत बरोबरची खूण आधीच झालेली आहे, एकाच पेनाने, एकाच अक्षरात, तर रात्रभर कूस बदलली जाणार नाही असं समजा. दुसऱ्याच्या घरच्या माणसाचं अंग उघडून बघायचा आपल्याला अधिकार नाही. पण पाय चादरीबाहेर असतात, टाचा दिसतात. हाताची नखं दिसतात. चष्म्याची काच पुसलेली आहे का, ऐकायचं यंत्र कानात आहे की खणात, पाण्याचं भांडं हात पोचेल तिथे आहे की लांब खिडकीत, बोलावण्याची घंटी उशीजवळ आहे की वायर गुंडाळून भिंतीवर टांगलेली? वास तर येतोच. लघवीचा वास थोडा वेळ असणं समजू शकतं, आत्ताच कुणाचं तरी झालं असेल. पण सगळीकडे फिनाइलचा घमघमाट असेल तर मी जास्त सावध होते.

पडण्याबद्दल असं विचारा: ‘इथे शेवटचं कोण पडलं, आणि मग तुम्ही काय केलंत?’ ‘आमच्याकडे कुणी पडतच नाही’ म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. कारण म्हातारी माणसं पडतात, आणि कुणीच पडत नसेल तर त्यांना उठूच देत नसतील. किती वाजता पडले, कुणी उचललं, घरी फोन कधी गेला, नंतर बाथरूमच्या वाटेवर दिवा लावला, असं जिथे सांगतात तिथे खरी काळजी घेतली जाते. विसराळूपणाचा आजार असलेल्यांबद्दलही असंच खोदून विचारा. घरी जायचं म्हणून रात्री दाराशी येऊन बसणाऱ्या आजोबांना काय करता? हात धरून फिरवून आणणं हे उत्तर वेगळं आणि ‘डॉक्टरांनी गोळी दिलीय’ हे वेगळं. कॉटला ओढणीने किंवा बँडेजने हात बांधलेला दिसला तर लगेच बाहेर पडा आणि १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनला कळवा. ती सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते.

पहाटे का जायचं, तर आंघोळीसाठी. दिवसपाळी यायच्या आत रात्रपाळीने सगळ्यांच्या आंघोळी उरकायच्या, अशी पद्धत काही ठिकाणी असते. म्हणजे चार-साडेचारपासून माणसं उठवायची. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली येतो, तेव्हा ऐंशीच्या बाईला साडेचारला न्हाणीत बसवणं हा सरळ त्रास आहे. ही सोय कर्मचाऱ्यांची असते, राहणाऱ्यांची नाही. गरम पाण्याच्या सोलरला पावसाळ्यात दुसरी सोय आहे का, तेही त्याच वेळी कळतं.

जेवण चाखून बघाच, पण त्याहून वेळा बघा. रात्रीचं जेवण साडेसहाला आणि दुसऱ्या दिवशीचा नाश्ता नऊला, म्हणजे मधे साडेचौदा तास झाले. मधुमेह असेल तर एवढं अंतर चालत नाही, झोपताना दूध किंवा काहीतरी मिळायला हवं. ज्यांना भरवावं लागतं त्यांना नीट बसवून भरवतात की आडवं ठेवूनच, हे उभं राहून पाहा. आडवं असताना घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. भरवणारीचं लक्ष त्या माणसाच्या तोंडाकडे आहे की पुढच्या कॉटकडे? चव थोडी कमी असली तरी मी चालवून घेईन, घाई चालवून घेणार नाही.

पैशाचं बोलणं सगळ्यात शेवटी, पण लेखी. डिपॉझिट किती दिवसांत परत, हॉस्पिटलात असताना महिन्याचे पैसे लागतात का, डायपर, औषधं, वेगळी अटेंडंट यांचे वरचे किती. मुख्य अट शोधायची ती ही, की प्रकृती खालावली तर ठेवून घेणार का. ‘स्वतःचं स्वतः करू शकेपर्यंतच’ असं बारीक अक्षरात असेल तर आई खाटेला खिळली की महिनाभरात नवी जागा शोधायची वेळ तुमच्यावर येईल. ठरल्याप्रमाणे सेवा मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, आणि त्यासाठीच पावत्या आणि करार जपून ठेवायचे.

सगळं जमलं तरी आधी पंधरा-वीस दिवस राहून बघायचं ठरवा आणि आईची खोली, घरातली, तशीच ठेवा. त्या काळात रोज एकाच वेळी जाऊ नका. कधी दुपारी, कधी जेवणाच्या वेळी, एखाद्या रविवारी रात्री. जाल तेव्हा टाचा आणि माकडहाडाची जागा स्वतः बघा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. दाबल्यावर पांढरा होऊन पुन्हा लाल झाला तर ठीक, तसाच लाल राहिला तर शय्याव्रणाची ती सुरुवात आहे, त्याच दिवशी सिस्टरना दाखवा आणि वहीत लिहून घ्या. पहिल्या दिवशी वजन करून ठेवा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा करा. आणि आईला एकटीला, दार लावून, विचारा की रात्री हाक मारल्यावर कोण येतं. तिला नाव सांगता आलं तर त्या मावशींना भेटून आभार माना आणि तुमचा फोन नंबर त्यांना देऊन ठेवा. ‘कुणी येत नाही’ म्हणाली, तर डिपॉझिटचा विचार न करता तिला घरी आणा आणि मग दुसरी जागा बघायला लागा.