कार्ब्स मोजताना या चुका टाळा: भाकरी, आमटी आणि गुळाचा खडा

भात बंद, साखर बंद, बटाटा बंद. मधुमेहात कार्ब्स, म्हणजे कर्बोदकं, कमी करणाऱ्याच्या वहीत दिवसाची बेरीज 70 ग्रॅम, आणि रक्तातली साखर मोजायचं मीटर मात्र जेवणानंतर 220 दाखवतंय. अशा वेळी लोक मीटरची पट्टी जुनी असेल म्हणतात, नाहीतर डाएटच खोटं ठरवून मोकळे होतात. बेरीज बहुतेक वेळा बरोबरच असते. जे वहीत आलंच नाही ते नडतं. आणि ते येत नाही, कारण आपण ताटात वाढलेलं बघून अंदाज बांधतो. कार्ब्स मोजायचे ते कच्च्या मालाचे, पातेलं गॅसवर चढायच्या आधी.

त्याआधी औषधांचं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना कार्ब्स एकदम कमी केले आणि डोस तोच ठेवला, तर साखर 70 च्या खाली उतरू शकते. घाम, हातांना कंप, डोळ्यांपुढं अंधारी ही त्याची लक्षणं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांची गोष्ट वेगळी. त्यांवर असताना कार्ब्स फार कमी झाले तर रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्ल पदार्थ) साचून रक्त आम्लधर्मी होण्याचा धोका असतो, आणि तेव्हा साखर फार वाढलेली असेलच असं नाही. उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर मीटरवर विसंबू नका, थेट दवाखाना गाठा. टाइप 1 मधुमेह, गरोदरपण किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कार्ब्स कमी करणं सुरूच करू नये.

‘एक भाकरी’ हे माप नव्हे

ॲपमध्ये ‘1 भाकरी’ निवडली की काहीतरी आकडा येतो. तो कुणाच्या भाकरीचा? पातळ, तळहाताएवढी भाकरी 40 ग्रॅम पिठात होते, आणि आपल्याकडची ताट भरणारी 80 ग्रॅम सहज खाते. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात न पचणारं फायबर सोडून साधारण 68 ग्रॅम कर्बोदकं असतात. म्हणजे पहिल्या भाकरीत 27 ग्रॅम, दुसरीत 54. वहीत दोन्हींची नोंद ‘एक’ अशीच.

उपाय सोपा आहे. काट्यावर परात ठेवून काटा शून्यावर आणा, पीठ काढा, आकडा लिहा, मग पाणी घाला. चार भाकरी झाल्या तर त्या आकड्याला चारनं भागा. थापताना लावलेलं पीठ धरून भाकरीमागं 5 ग्रॅम वाढवा. आठवडाभर असं केलं की करणाऱ्याचा हात ओळखीचा होतो, मग रोज तोलायची गरज नाही. हात बदलला, म्हणजे सासूबाईंऐवजी सुनेनं भाकरी केली, की पुन्हा एकदा तोला.

चपाती सोडून भाकरी धरली म्हणजे कार्ब्स कमी झाले, हा समज इथं कोल्हापुरात घट्ट आहे. 100 ग्रॅम पिठामागं फायबर वगळून आकडे असे: बाजरी 62, गव्हाची कणीक 64, नाचणी 67, ज्वारी 68. कणकेचा आकडा ज्वारीपेक्षा थोडा कमीच भरतो. भाकरीनं पोट लवकर भरतं, दोनाऐवजी एकीत भागतं, हा तिचा खरा फायदा. खपली गव्हाचंही तेच. खपली चांगलीच, पण ती गहूच आहे. दुप्पट भाव दिला म्हणून वहीतला आकडा अर्धा होत नाही.

फायबर दोनदा वजा होतंय

ही चूक हिशोबी माणसांची. ‘नेट कार्ब्स’ म्हणजे एकूण कर्बोदकांतून फायबर वजा, हे सगळ्यांना पाठ असतं. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2017 मध्ये काढलेल्या भारतीय अन्नघटक तक्त्यांत कर्बोदकांचा रकाना फायबर आधीच वगळून दिलेला आहे. ज्वारीपुढं कर्बोदकं सुमारे 68 आणि फायबर सुमारे 10 दिसतं. तिथं 68 मधून 10 काढून 58 लिहिलं की शंभर ग्रॅम पिठामागं 10 ग्रॅम हवेत उडाले. अमेरिकी तक्त्यांत मात्र फायबर धरूनच आकडा असतो, तिथं वजाबाकी करावी लागते. ॲपवाले दोन्हींची भेसळ करतात.

पारखायचं कसं? त्याच ॲपमध्ये किंवा तक्त्यात 100 ग्रॅम बदाम शोधा. कर्बोदकं 21-22 दाखवली तर फायबर आत धरलंय, वजा करा. दहाच्या आत दाखवली तर आधीच वगळलंय, हात लावू नका. ॲपमध्ये लोकांनी भरलेल्या नोंदी असतील तर ही परीक्षाही पुरत नाही, कारण एकाच पदार्थाच्या तीन नोंदी तीन तऱ्हेच्या निघतात. रोजच्या वीसेक जिन्नसांचे आकडे एकाच तक्त्यातून उतरवून फ्रिजवर चिकटवलेले बरे.

पाकिटावरच्या मजकुरात भारतात कर्बोदकं आणि साखर छापणं सक्तीचं आहे, फायबर नाही. फायबर छापलं नसेल तर कर्बोदकांचा आकडा आहे तसाच घ्या. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या बिस्किटातही मैदा असतोच.

कच्चं की शिजलेलं

100 ग्रॅम तांदळात 78 ग्रॅम कर्बोदकं, 100 ग्रॅम भातात सुमारे 28. मधला फरक फक्त पाण्याचा. तांदूळ 60 ग्रॅम तोलले आणि नोंद ‘भात 60 ग्रॅम’ अशी केली की 47 च्या जागी 17 लागतात. बेरजेतली तीस ग्रॅमची भोकं बहुतेक इथंच असतात. भात मऊ-मोकळा करण्यावरही वजन बदलतं, म्हणून तांदूळच तोला. आजऱ्याचा घनसाळ असो नाहीतर साधा कोलम, आकडा जवळपास तोच. भात गार करून खाल्ल्यानं थोडा स्टार्च पचायला जड होतो हे खरं, पण त्यापोटी वहीतून काही कमी करू नका.

आमटीचं पातेलं

मिश्र पदार्थाला एकच रीत: रिकामं पातेलं तोलून वजन तळाला मार्करनं लिहून ठेवा. त्यात जे जाईल त्याचे कार्ब्स जोडा. शिजल्यावर पातेलं पुन्हा तोला, रिकाम्याचं वजन वजा करा, आपल्या वाटीच्या वजनाच्या हिशोबानं वाटा काढा.

आंबटगोड आमटीचं उदाहरण घ्या. तूरडाळ 100 ग्रॅम म्हणजे 55. कांदा 50 ग्रॅम, साडेचार. टोमॅटो 100 ग्रॅम, 3. गूळ 15 ग्रॅम, 13. एकूण साडेपंच्याहत्तर. शिजलेली आमटी 900 ग्रॅम भरली, तर 150 ग्रॅमच्या वाटीत साडेबारा. गूळ वगळला तर साधारण दहा. वाटीमागं दोन ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण कोल्हापूरच्या स्वयंपाकघरात गुळाचा खडा फक्त आमटीत पडत नाही. वांग्यात, मटकीत, कारल्यात, चिंचेच्या चटणीत, सगळीकडं तो असतो, आणि गुळात शंभराला 85 ग्रॅम निव्वळ कर्बोदकं आहेत. सेंद्रिय असला तरी तेवढीच. काकवी ‘जरा बोटावर’ घेतली तर तीही लिहा.

तोलण्याआधी आमटी तळापासून ढवळा. वरची पातळ वाटी आणि तळची दाट वाटी यांत दुपटीचा फरक पडू शकतो, आणि घरात शेवटी जेवणाऱ्याच्या वाट्याला नेहमी दाट येते.

झुणक्याकडं लोक प्रथिनं म्हणून बघतात. बेसनात 100 ला 47 कार्ब्स आहेत. 40 ग्रॅम बेसनाचा झुणका म्हणजे 19 ग्रॅम, वर त्यात दोन कांदे. शिवाय भाकरी आहेच.

रस्सा उगाच बदनाम आहे

तांबडा-पांढरा रस्सा बंद करून बसलेली माणसं बघून वाईट वाटतं. मटणात कार्ब्स जवळपास नसतात. रश्श्यात कांदा, खोबरं, तीळ, खसखस. दाटपणासाठी कुठं काजू, कुठं तांदळाचं पीठ लावतात. एवढं धरूनही वाटीला 4-5 ग्रॅम पुरे, सुक्या मटणाला 5 ते 8. तीन वाट्या ओढल्या तरी एका मोठ्या भाकरीच्या निम्म्याला पोचत नाहीत. थाळी बिघडते ती दुसऱ्या भाकरीनं आणि शेवटी ‘थोडा भात’ म्हणून रस्सा कालवून घेतलेल्या वाढपानं. वाढप्याला पहिल्यांदाच एक भाकरी, भात नको, असं सांगून टाका. समोर आल्यावर नको म्हणणं अवघड जातं.

मिसळीचा हिशोब उलटा. कटात 4-5, मटकीत 10, पण 40 ग्रॅम शेव-फरसाणात 20 आणि दोन स्लाइस ब्रेडचे 25 ते 28. साठीच्या घरात गेलंच, बटाटा असेल तर वर. ब्रेड परत दिला आणि फरसाण वेगळ्या वाटीत मागून चिमूटभर घातलं, तर हीच मिसळ वीसच्या आसपास बसते.

उसाचा रस, 200 मिलीचा ग्लास: 25 ग्रॅमच्या वर. लिंबू-आलं घातल्यानं काही होत नाही. त्याला हिशोबात जागा नाही.

दूध, चहा आणि उपवास

म्हशीच्या दुधात 100 मिलीला 5 ग्रॅमच्या आसपास दुधाची साखर असते. कोल्हापूरच्या गंगावेशीत दूधवाल्यापाशी उभ्या उभ्या 300 मिलीचा ग्लास रिकामा केला की 15 ग्रॅम झाले. साय काढल्यानं स्निग्धांश कमी होतो, कार्ब्स नाहीत. बिनसाखरेच्या चहाला लोक शून्य धरतात. 50 मिली दुधाचे चार कप म्हणजे दहा ग्रॅम.

उपवासाच्या दिवशी वही बंद ठेवणारे बरेच. साबुदाण्यात 100 ला 87-88 कर्बोदकं आहेत, तांदळापेक्षाही जास्त. 60 ग्रॅम साबुदाण्याची खिचडी 52 ग्रॅमची होते, शेंगदाण्याचं कूट आणि बटाटा वेगळा. शुक्रवारी अंबाबाईचा उपवास असेल तर दही, ताक, भाजलेले शेंगदाणे, काकडी, पनीर यांवर दिवस निघतो. रताळ्यात 24 टक्के आहेत, तेव्हा एखादी फोड, अख्खं नाही.

सगळं मोजूनही आकडा जुळत नसेल तर

सकाळची उपाशीपोटीची साखर जास्त आणि दिवसभराची ठीक, असं असेल तर रात्रीच्या जेवणात चूक शोधत बसू नका. पहाटे यकृत स्वतःहून ग्लुकोज सोडतं. एखाद्या रात्री झोपताना आणि तीन वाजता मोजून बघा. दोन्ही आकडे ठीक आणि सकाळचा वर असेल तर ते पहाटेचं चढणं आहे. तीनचा आकडा खाली घसरलेला दिसला तर रात्रीच्या औषधाचा डोस डॉक्टरांना दाखवा.

जेवणानंतरची वाढत असेल तर संशयित पदार्थ एकटा पाडा. तेच जेवण दोन वेगळ्या दिवशी घ्या, एकदा त्या पदार्थासह, एकदा त्याच्याविना. पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजा. आधी हात साबणानं धुवा, कारण बोटाला गुळाचा चिकटपणा राहिला तर मीटर तोही मोजतं. खोकल्याचं गोड औषध चालू असेल तर ही परीक्षा ते संपल्यावर घ्या.