गौरी-गणपती ते दसरा, परसबागेत रंग टिकवायचाय? मग ही कामं आत्ताच उरका

मंडळी, पावसाचा जोर जरा ओसरलाय, मधूनच ऊन पडतंय आणि परसात बघावं तिकडे नुसतं हिरवं माजलंय. पाऊस आहे ना, मग बागेत काय करायचंय, असं म्हणून बरेच जण या दिवसांत तिकडे फिरकतच नाहीत, पण वर्षातले सगळ्यात रंगीत दोन महिने आत्ताच सुरू होतात. तेरडा, गुलबक्षी, कर्दळ, जास्वंद, गोकर्ण, संध्याकाळी वास सुटला की सोनटक्का, आणि पहाटे प्राजक्ताचा सडा. यातलं निम्मं तर फुकट उगवतं, आपण फक्त तण म्हणून उपटून टाकायचं नाही एवढंच.

आधी झेंडूचं बघा कारण तिथे तारखेचा खेळ आहे. नारळी पौर्णिमा ते दसरा साधारण 55 दिवस मिळतात. बी आत्ता टाकाल तर रोप तयार व्हायलाच तीनेक आठवडे जाणार, म्हणजे दसऱ्याला हातात फक्त पानं. त्यामुळे रोपंच आणा, आणि नर्सरीत फुललेलं रोप बघून भुलू नका, मला तर ते पैसे पाण्यात घालणं वाटतं, 4-5 पानांचं ठेंगणं रोप घ्या, ते मातीत पटकन रुजतं. आधी लावलेली झाडं असतील तर शेंडे खुडा, फांद्या फुटतात आणि फुलं वाढतात, पण गणपती आले की खुडणं बंद. खुडलेले शेंडे फेकू नका हं, खालची पानं काढून ओल्या वाळूत सावलीला खोचा, बहुतेक सगळे मुळं धरतात. टोमॅटो, वांग्याच्या कडेने झेंडू लावला तर मुळांवरच्या सूत्रकृमींचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कृमींचा, त्रासही कमी होतो.

तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, ते एका फुलापुरतं ठीक आहे, झाड मात्र आठवडेच्या आठवडे फुलत राहतं. कोकणात गौरीला तेरडाच लागतो, तोही मुळासकट, त्यामुळे दोन-चार झाडं वेगळी ठेवा, सगळी एकदम उपटली की बियाणं संपलं. झिनिया आणि पिवळा कॉसमॉस यांना लोक उगाच कमी लेखतात, बी थेट मातीत टाका, दीड-दोन महिन्यांत फुलं येतात आणि फुलपाखरं तर विचारूच नका.

आता जास्वंद. कळ्यांच्या देठाशी पांढरा कापूस दिसला की तो पिठ्या ढेकूण, आणि मुंग्यांची रांग लागली असेल तर नक्कीच. फार लागलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका, बाकी झाडावर लिटरला 5 मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी मारा, पानांच्या खालून सुद्धा, आठवड्याने परत एकदा. हवा दमट असेल तर व्हर्टिसिलियम लेकॅनी ही किडींना मारणारी बुरशी लिटरला 5 ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारली तर छान काम करते, पाऊस येणार नाही असा दिवस बघा नाहीतर सगळं धुऊन जातं.

दोडका, काकडी, भोपळ्याच्या वेलांवर पिठासारखी पांढरी भुरी आता येईलच, खालची म्हातारी पानं काढा, वेलात वारा खेळू द्या. भोपळ्याला फुलं येतात आणि गळतात ही तक्रार याच दिवसांतली, सततच्या पावसात मधमाश्या फिरत नाहीत त्यामुळे फळ धरत नाही. सकाळी लवकर नर फूल तोडून त्याचा केसर मादी फुलात टेकवा, मादी म्हणजे जिच्या मागे इवलासा भोपळा असतो ती.

शंखी गोगलगायी असतील तर गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी अंथरा, सकाळी त्याखाली ढीग सापडतो, हातमोजे घालून गोळा करा आणि मिठाच्या पाण्यात टाका. विषारी गोळ्या शक्यतो नकोच, कुत्री-मांजरं खातात.

पाऊस खतही वाहून नेतो, म्हणून पानं पिवळी पडली असतील तर आधी कुंडीचं भोक मोकळं आहे का बघा, मग मूठभर गांडूळ खत घाला. कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा तरी ओता, डासांना तेवढंच पाणी पुरतं. कर्दळीचा फुलून गेलेला दांडा बुडापासून कापा, नवा कोंब जोरात येतो. शेवंतीचे शेंडे मात्र ऑगस्टच्या मध्यानंतर खुडू नका, तिला कळ्या धरू दे.

आणि तेरड्याच्या शेंगा पिवळसर व्हायला लागल्या की वर कागदी पिशवी बांधून ठेवा, कारण हात लागला रे लागला की फुटतात आणि बी अंगणभर. पिशवीवर रंग लिहा, गुलाबी, जांभळा, पांढरा.