क्यूजीआयएस बसवताना: जीआयएसमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

जीआयएस (ठिकाणांची माहिती नकाशावर मांडून तपासायची पद्धत) शिकायला येणारी मुलं क्यूजीआयएस या त्यासाठीच्या मोफत सॉफ्टवेअरबद्दल पहिल्याच दिवशी विचारतात, "सर, कुठलं व्हर्जन घेऊ?" सगळ्यात नवं नको, एलटीआर (दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती) घ्या. त्याला वर्षभर फक्त दुरुस्त्या मिळतात, नव्या सोयींची भर पडत नाही. प्रबंध किंवा प्रकल्प अर्ध्यावर असताना तेच हवं असतं.

विंडोजवर दोन वाटा आहेत. स्टँडअलोन इन्स्टॉलर एक जीबीच्या आसपास असतो; एकदा उतरवला की वर्गातल्या सगळ्यांना पेनड्राइव्हवरून देता येतो. ओएसजिओफोरडब्ल्यू हा दुसरा इन्स्टॉलर नेटवरून लागेल तेवढंच आणतो आणि एकेक पॅकेज अद्ययावत करू देतो. नवख्याने पहिला घ्यावा. जुनं ३२ बिटचं विंडोज असेल तर आताची आवृत्ती चालणार नाही. उबंटूवाल्यांनी क्यूजीआयएसची स्वतःची रिपॉझिटरी (सॉफ्टवेअर जिथून उतरतं तो साठा) जोडावी, कारण उबंटूसोबत येणारी आवृत्ती बरेचदा मागे असते.

डोकेदुखी पुढे असते. क्यूजीआयएस स्वतःचं पायथन (प्रोग्रामिंगची भाषा), जीडॅल (नकाशाच्या फाइली वाचणारी लायब्ररी) आणि प्रोज (नकाशाचे निर्देशांक बदलणारी लायब्ररी) घेऊनच येतं. शिकण्याच्या उत्साहात कुणी त्याच मशीनवर पोस्टजीआयएस (नकाशांच्या माहितीचा डेटाबेस) टाकतो, त्याचा इन्स्टॉलर जीडॅलसाठी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सगळ्या प्रोग्राम्सना दिसणारी विंडोजमधली नोंद) लावू का विचारतो आणि आपण 'होय' म्हणून पुढे जातो. मग जिओपांडास (नकाशांच्या माहितीसाठीचं पायथन पॅकेज) चालवताना "प्रोजचा डेटाबेस दुसऱ्या इन्स्टॉलेशनमधला आहे" अशा अर्थाची एरर येते. अशा वेळी सगळं काढून पुन्हा बसवायची गरज नसते. विंडोजच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये प्रोज किंवा जीडॅलच्या नावाची नोंद शोधा आणि तिचा पाथ कुठल्या फोल्डरकडे जातो ते बघा; पोस्टजीआयएसच्या फोल्डरकडे जात असेल तर गोंधळाचं मूळ तिथेच आहे. जिओपांडाससाठी कोंडा-फोर्जमधून (पायथन पॅकेजेसचा साठा) वेगळं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे स्वतंत्र कप्पा, करा. क्यूजीआयएसच्या पायथनमध्ये हात घालू नका. आणि हो, विंडोजचं युजरनेम मराठीत ठेवलं असेल तर काम सी ड्राइव्हवरच्या साध्या इंग्रजी नावाच्या फोल्डरमध्ये करा. मराठीचा अभिमान फाइलच्या आत दाखवावा: गावांची नावं देवनागरीत हवी असतील तर शेपफाइल या जुन्या फाइल प्रकाराऐवजी जिओपॅकेज हा नवा प्रकार वापरा. शेपफाइलला रकान्याच्या नावात दहाच अक्षरं चालतात, आणि एन्कोडिंग चुकलं की नावांऐवजी प्रश्नचिन्हं उमटतात.

सॉफ्टवेअर उघडलं म्हणजे बसलं असं मी मानत नाही. एखादी गावांची लेयर (नकाशाचा एक थर) घ्या आणि ५०० मीटरचा बफर, म्हणजे भोवतीचा तेवढा पट्टा, काढा. लेयर ईपीएसजी ४३२६ मध्ये (अक्षांश-रेखांशाच्या निर्देशांक पद्धतीचा क्रमांक) असेल तर एकक अंश असतं. ५०० टाकलं की ५०० अंश! आधी ती यूटीएममध्ये (पृथ्वीचे झोन पाडून मीटरमध्ये मोजणारी पद्धत) नेऊन सेव्ह करा. पुण्या-मुंबईला झोन ४३, म्हणजे ईपीएसजी ३२६४३. नागपूरला झोन ४४, म्हणजे ३२६४४. सीमा ७८ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि यवतमाळ जिल्हा तिच्यावर आडवा पसरलाय: पुसद ४३ मध्ये, वणी ४४ मध्ये. अशा जिल्ह्याचं काम आलं तर सगळ्या लेयर एकाच झोनमध्ये ठेवा आणि कुठला झोन धरला ते अहवालात लिहा.